चोविसावा दिवा

ती. काकांना,

खारूताईचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाहीये. दोन आठवड्यांपूर्वी शिडीवरून पडले, त्याचं पुढे येईलच. जेवढं वाकता आलं तेवढं वाकले आहे, उरलेला नमस्कार कंबर सुधारल्यावर.) तुमचा गुडघा काय म्हणतो? सकाळचं फिरणं खरंच चालू आहे की नुसतेच बूट दाराशी काढून ठेवता? रक्तदाबाची गोळी काकूने हातावर ठेवल्याशिवाय घेत नाही असं ऐकते. इकडे सगळं ठीक. बाबा तुमची रोज आठवण काढतात, म्हणजे टीव्हीचा रिमोट अडला की काढतात. आई म्हणाली, भावजींना लिही की तुम्ही दुरुस्त केल्यापासून मिक्सर अगदी उत्तम चालतो, फक्त बंद होत नाही.

पत्र हाताने लिहिलेलं पाहून तुम्हाला नवल वाटेल. मेल केली असती, पण मेल वाचायला संगणकापाशी बसावं लागतं, आणि तुम्ही हल्ली संगणकापाशी बसून काय करता ते मला परवा कळलं. काकूचा फोन आला होता. (तिच्यावर रागावू नका. बिचारी गच्चीवर जाऊन, वाळत घातलेल्या चादरीच्या आड उभी राहून बोलली.) ती म्हणाली, नऊ दिवस झाले, हे रोज चारला खुर्चीत बसतात, काहीतरी टाईप करतात, काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहते, आणि साडेचारला उठतात. चहा तसाच. विचारलं तर काही नाही म्हणतात. मी भीत भीत विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले का? तर म्हणाली, "तुझं नाव काढलं की 'ती आता मोठी ऑफिसर आहे' एवढंच म्हणतात गं." काका, हे काय? तुम्ही मला आजवर गाढव म्हणालात, आंधळी म्हणालात, ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी 'तुला स्विच आणि इस्त्री यांतला फरक तरी कळतो का' असं विचारलंत, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण आज मोठी ऑफिसर म्हणालात, उद्या अहो-जाहो करायला लागलात, तर मी कुणाकडे बघायचं? म्हणून झाला प्रकार पहिल्यापासून सांगते. सगळं वाचा, आणि मग काय बोलायचं ते नेहमीच्या आवाजात बोला.

तुम्ही निवृत्त झाल्यावर संगणक विभागातल्या तुमच्या खुर्चीत बसून मला आठ महिने झाले. (खुर्चीचं डावं चाक अजून तसंच आहे. आता मीही डावीकडे कलून चालते असं मोठ्या सिस्टर म्हणतात. वशिल्याने लागली असं चष्मेवाले तर अजून म्हणतात. माझ्या मुलाखतीच्या दिवशी तुम्ही मुद्दाम रजा टाकून घरी भिंत रंगवत बसला होतात, हे त्यांना कोण सांगणार?) या आठ महिन्यांत आपल्या डोळ्यांच्या रुग्णालयात एकदाही काही मोठं बंद पडलं नाही. प्रिंटर अडले नाहीत, केसपेपर हरवले नाहीत, नंबर दाखवणारा पडदा रुसला नाही. मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, की तुमच्या काकांच्या काळात महिन्यातून एकदा तरी आरडाओरडा व्हायचा, तुम्ही आल्यापासून कसं शांत शांत आहे. मी तोंडाने 'छे छे, काकांनीच घडी बसवून दिलीय' असं म्हटलं, आणि मनातून टुम्म फुगले. त्याच संध्याकाळी तुम्हाला चार पानी पत्र लिहिलं, आठवतं? त्यात 'नव्या पद्धतीने काम केलं की यंत्रं आपोआप नीट चालतात' असं एक वाक्य आहे. ते वाक्य आठवलं की मला आता टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटतं. तुमचं उत्तर आलं होतं, एका कार्डावर, दोन शब्दांचं: छान. जेव.

तर महिनाअखेरीस तपासणी पथक येणार आहे. त्यांचा फॉर्म दिसायला सोपा आहे: रुग्णालयातलं प्रत्येक यंत्र, त्याचं नाव, त्याचा मालक, त्याचा उद्देश. एकही रकाना रिकामा राहिला तर शेरा. शेरा पडला तर माझं कायम होणं लांबणीवर. मी दोन दिवस खपून यादी केली, तेवीस यंत्रं भरली, प्रत्येकावर लेबल चिकटवलं आणि आता पेन खाली ठेवणार तेवढ्यात तुम्ही आठवलात. यादी बघू नये, सगळ्या यंत्रांच्या वायरी ज्या डब्यात येऊन मिळतात त्या स्विचवरचे दिवे मोजावेत. यादी माणूस लिहितो, दिवा मात्र वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असल्याशिवाय लागत नाही, हे तुम्ही मला मी सातवीत असताना सांगितलं होतं. (तेव्हा मी तुम्ही कापून टाकलेली वायरींची टोकं खिशात भरून घरी न्यायचे, आणि आई कपडे धुताना ती काढायची. खारूताई हे नाव तेव्हाचं.) मी दिवे मोजले. चोवीस. परत मोजले, चोवीस. वायरमनला बोलावून मोजायला लावले, त्याने एकेका दिव्यावर बोट ठेवून मोजले, तरी चोवीस. चोविसावा दिवा खालच्या ओळीत अगदी कोपऱ्यात, गरीब स्वभावाचा, मधूनच एकदा लुकलुकणारा.

आता ही वायर जाते कुठे ते बघायला मी आणि वायरमन छताच्या पट्ट्या काढत निघालो. तो खालून शिडी धरणार, मी वरून वायर हातात धरून पुढे सरकणार, असं ठरलं होतं. वायर मोठ्या डॉक्टरांच्या खोलीवरून गेली, औषधांच्या कपाटावरून गेली, मग दृष्टी तपासायच्या अंधाऱ्या खोलीवर आली. तिथे माझा पाय पट्टीतून खाली गेला. खाली एक आजोबा खुर्चीत बसून अक्षरं वाचत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आता काय दिसतंय, तर ते म्हणाले की छतातून एक पाय दिसतोय. बाईंनी शांतपणे दुसरी काच लावली आणि विचारलं, आता? तर म्हणाले, आता जास्त स्पष्ट दिसतोय. (आजोबांचा नंबर बरोबर निघाला, एवढं समाधान.) पाय ओढून घेतला तशी वायर पुढे निघाली, ती थेट जुन्या ऑपरेशन थिएटरात, जिथे आता चष्म्याच्या जुन्या फ्रेम्सच्या पेट्या रचून ठेवल्यात. तिथे शिडीवरून उतरताना मी तिसऱ्या पायरीवरून पडले. वायरमनने शिडी घट्ट धरून ठेवली होती, मला धरायचं असं काही ठरलं नव्हतं.

पेट्यांच्या मागे भिंतीतलं कपाट, कपाटाच्या खालच्या फळीवर एक छोटं जुनं यंत्र. पडदा नाही, लेबल नाही, आत पंखा हळू आवाजात फिरतोय. वरून एक कापडी कव्हर, चारही कोपऱ्यांना नाड्या. (कापड पिवळ्या फुलांचं. असलं कापड कुठेही मिळतं.) खोलीत इंचभर धूळ आणि हे यंत्र मात्र स्वच्छ. वायरमन सहसा काही बोलत नाही, दिवसाला पाच-सहा शब्द पुरतात त्याला. त्याने कव्हर उचलून पाहिलं, परत होतं तसं बांधलं आणि म्हणाला, "ताई, हे कुणीतरी जपलंय."

मी सगळ्या विभागांत विचारलं. यंत्र कुणाचंच नव्हतं. तेव्हा तुम्ही नियम लिहून माझ्याकडे दिलेल्या तपकिरी वहीतला नववा नियम काढला: ज्या यंत्राचा मालक सापडत नाही त्याची वायर काढावी आणि गप्प बसावं, मालक बोंबलत येतो. आपण याला बोंबचाचणी म्हणायचो. मी सोमवारी सकाळी वायर काढली, चोविसावा दिवा विझला. पण नियमातला 'गप्प बसावं' हा भाग मला जुनाट वाटला. मी नव्या पद्धतीची ना! मी सगळ्या कर्मचाऱ्यांना मेल केली, की आज एक वायर काढली आहे, कुणाचं काही बंद पडल्यास कळवावे. काका, तुम्ही गप्प बसावं असं का लिहून ठेवलंत ते मला दुपारपर्यंत कळलं.

पहिला आला लिफ्टमन. म्हणाला, ताई, लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबते, तुमच्या वायरीमुळे. (ती मी सातवीत असल्यापासून तिथे थांबते.) मग चष्मेवाले आले, त्यांच्या काउंटरवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं होतं. मोठ्या सिस्टरनी कळवलं की स्टाफरूमचा नळ गळतोय. वायरीचा संबंध नसेलही, पण कळवावे म्हटलंय म्हणून कळवते. मोठ्या डॉक्टरांच्या माऊसचा बाण अडखळायला लागला, तो माऊस एका औषध कंपनीच्या चकचकीत कॅलेंडरवर ठेवला होता. तीन दिवसांत एकसष्ट तक्रारी आल्या. त्यांतली एक रखवालदाराची होती. तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, की तीन दिवस मुलीचा फोन आला नाही, ते या वायरीमुळे असेल का? मी म्हटलं, नाही हो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, तुम्हीच करून बघा ना. तर म्हणाला, आपण कशाला, तिला कामं असतात, सवड झाली की करेल. आणि टोपी घालून गेला. मी तक्रारवहीत त्याच्या तक्रारीपुढे 'संबंध नाही' असं लिहिलं.

चौथ्या दिवशी विशेष काही झालं नाही.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर मुका झाला. मी त्याला झटकलं, तर त्याने पोटात अडकलेला सगळा आठवडा एकदम बाहेर टाकला, दोनशे चाळीस पानं, आणि त्यात सोमवारी आलेल्या माणसाच्या थेंबांची चिठ्ठी शुक्रवारच्या बाईंच्या हातात पडली. (सिस्टरच्या वेळीच लक्षात आलं. त्यांच्या जिभेला धार आहे तशी नजरेलाही आहे.) शनिवारी सकाळी बघते तर आदल्या रात्रीचा बॅकअपच झालेला नाही, शोधलं तर एक जुनी फाईल आडवी पडून राहिली होती. रविवारी सुट्टी. सोमवारी नंबर दाखवणारा पडदा एक्केचाळीसवर अडकला. खाली हॉलमध्ये शंभर माणसं, आणि पडद्यावर सकाळी साडेदहापासून एक्केचाळीस. एक्केचाळीस नंबरचे गृहस्थ तपासून, थेंब घालून बाहेर आले, त्यांनी पडद्यावर आपला नंबर पाहिला आणि बोलावतायत म्हणून पुन्हा आत गेले. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं की आता तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, घरी जा; तर म्हणाले, बाई, नंबर असताना कसा जाऊ? मी वर बसून माझ्या संगणकावरून त्या पडद्याच्या यंत्राला हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली, नाही. तिसऱ्यांदाही नाही. तेव्हा तुमचा चौदावा नियम आठवला, की तीन हाका वाया गेल्या तर खुर्चीत बसून चौथी मारू नये, उठून जागेवर जावं. दुखऱ्या कंबरेने तीन जिने उतरले. यंत्राची डिस्क जुन्या नोंदींनी काठोकाठ भरली होती, त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. नोंदी पुसल्या, बेचाळीस आला, हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मोठे डॉक्टर जिन्यात भेटले आणि म्हणाले, आठ महिने कसं छान चाललं होतं, अचानक काय झालं? दृष्ट लागली असेल, असं मी म्हणाले. शास्त्र शाखेची पदवी असलेली मी!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूचा फोन आला. चार वाजता, काळा पडदा, पांढरी रेघ, नऊ दिवस. मी बोटांवर मोजलं. फोन ठेवल्यावर चालता येईल तेवढ्या वेगाने त्या कपाटाकडे गेले, यंत्राला पडदा जोडला आणि त्याची आज्ञांची वही, म्हणजे त्यावर आजवर काय काय टाईप झालं त्याची नोंद, उघडली. तुम्ही ते यंत्र बाहेरून आत यायला दार म्हणून ठेवलं होतंत, नोकरीत असताना, घरूनच अडचण सोडवता यावी म्हणून. जाताना सगळे पासवर्ड पाकिटात घालून माझ्या हातात दिलेत, सही घेतलीत. हे एक दार तेवढं दिलं नाहीत. आणि आठ महिने, रोज चार वाजून एक-दोन मिनिटांनी, रविवारसुद्धा, तुम्ही त्या दारातून आत येत होता. मला वाटलं होतं, नुसतं बघायला येत असाल. तसं नव्हतं. पडद्याच्या यंत्रावरच्या जुन्या नोंदी तुम्ही पुसत होता. दुसऱ्या मजल्याच्या प्रिंटरचा अडलेला घास रोज काढत होता. बॅकअपच्या वाटेतली फाईल रोज बाजूला करत होता. चार वाजून पंचवीस मिनिटांनी बाहेर. मी नव्या पद्धतीने काम करत होते आणि माझ्या मागून तुम्ही हातात केरसुणी घेऊन चालत होता, आणि मी तुम्हालाच चार पानी पत्रात लिहिलं की यंत्रं आपोआप नीट चालतात. त्यावर तुम्ही 'छान' म्हणालात. दुसरं कुणी असतं तर त्या दिवशी मुद्दाम एक तरी फाईल आडवी टाकून आलं असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सावरले असते. पण त्या वहीत अधूनमधून एक शब्द होता जो कुठलीच आज्ञा नाही. मी सगळ्या यंत्रांना लेबलं लावल्याचं तुम्हाला फोनवर सांगितलं त्या दिवशीच्या पानात, चार वाजून बावीस मिनिटांनी, तुम्ही टाईप केलंय: शाब्बास. त्याखाली काही नाही, पुढची ओळ बाहेर पडण्याची. मी बाकीची पानं शोधली. मी वायरींचे गुंते सोडवून रंगाप्रमाणे बांधले त्या दिवशी: शाब्बास. मी पहिल्यांदा बॅकअपवरून हरवलेला केसपेपर परत आणला त्या दिवशी: शाब्बास. आठ महिन्यांत अकरा वेळा. यंत्राने अकराही वेळा तुम्हाला सांगितलं असणार की ही आज्ञा मला माहीत नाही. काका, ती यंत्राला सांगायची गोष्ट होती का? मला समोर बसवून आयुष्यात एकदा म्हणाला असतात तर मी काय मेले असते? जुन्या थिएटरात, पेट्यांच्या मध्ये, पिवळ्या फुलांचं कव्हर मांडीवर घेऊन मी खूप रडले. वायरमन शिडी न्यायला आला होता, त्याने दार हळूच लोटून घेतलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपली बोंबचाचणी चुकीची आहे. तिच्यात बोंब मारणारेच सापडतात. नळ गळतो म्हणून एकसष्ट माणसं ओरडली, आणि ज्याचं खरंच काही तुटलं तो नऊ दिवस चहा थंड करत बसला. रखवालदार आणि तुम्ही एकाच वाणाचे, 'आपण कशाला' या वाणाचे. वहीत नवव्या नियमाखाली मी लाल शाईने एक ओळ घातलीय: कोण ओरडलं नाही, तेही बघावं. रखवालदाराच्या मुलीला मी फोन करायला लावला, म्हणजे त्याच्या हातात माझा फोन दिला आणि तो बोलेपर्यंत पाठ फिरवून उभी राहिले. ती आजारी होती. आता बरी आहे.

माझं चुकलं, काका. वायर काढण्याआधी पहिला फोन तुम्हाला करायला हवा होता. तो न करण्याइतकी शहाणी मी कधी झाले, कुणास ठाऊक. राग सोडा, चहा गरम असताना प्या, आणि मला पुन्हा गाढव म्हणा. काकूला नमस्कार.

तुमची
खारूताई
(मोठी ऑफिसर नव्हे)

ता. क. १ – वर 'चौथ्या दिवशी विशेष काही झालं नाही' असं लिहिलंय. ते खोटं आहे. मनात राहील, म्हणून सांगून टाकते. चौथ्या दिवशी मी त्या यंत्राला पडदा जोडला होता. सगळ्यात वर आत येणाऱ्याचं नाव आणि रोजची चारची वेळ होती, आणि नाव तुमचं होतं. खरं तर नाव बघायचीही गरज नव्हती. पिवळ्या फुलांचं कापड कुठेही मिळतं हे खरं आहे, पण चार कोपऱ्यांना नाड्या लावून दुहेरी गाठ मारायची पद्धत फक्त काकूची, आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला त्याच कापडाचा पडदा आहे. कव्हर काकूचं हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, तुम्ही अजून रोज आत येता हे मात्र नव्हतं. चौथ्या दिवशी नाव वाचलं आणि मला राग आला. अजून माझ्यावर नजर ठेवतात, अजून विश्वास नाही, असं वाटलं. पुढची एक ओळही न वाचता पडदा बंद केला. मनात म्हटलं, बघू दे त्यांना, त्यांच्याशिवाय चालतं. तेव्हा माझ्याकडून चुकून झालेले दिवस तीन. बाकीचे जाणूनबुजून. माझा चार वाजता चहा चालू असायचा आणि मला ठाऊक असायचं की आत्ता तुम्ही दारावर आहात. काकूने फोन केला नसता तर अजून किती दिवस गेले असते, मला सांगता येत नाही.

ता. क. २ – दार मात्र परत उघडणार नाही. वहीचा पहिलाच नियम: जो माणूस काम सोडून जातो त्याचं दार त्याच दिवशी बंद करायचं, मग तो कितीही चांगला असो. अक्षर तुमचंच आहे, खाली दोन रेघाही तुम्हीच मारल्यात. चोविसावं यंत्र मी रीतसर उतरवलं, यादीत 'बंद केले' असं लिहिलं. मालक या रकान्यात तुमचं नाव घातलं. उद्देश या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसले, शेवटी 'देखभाल' असं लिहिलं. पथकाला तेवढं पुरेल. कव्हर धुऊन माझ्या खुर्चीच्या पाठीला बांधलंय.

ता. क. ३ – पत्र लिहायचं खरं कारण हे. ती फाईल रोज आडवी का पडते ते मला अजून सापडलेलं नाही. प्रिंटर कालही अडला. मला तुमची केरसुणी नको आहे, ती कशी धरायची ते शिकायचंय. सोमवारपासून रोज चारला मी तुम्हाला फोन करणार. मी इकडे पडद्यावरच्या ओळी मोठ्याने वाचेन, तुम्ही तिकडे डोळे मिटून ऐका आणि कुठे चुकतंय ते सांगा. हात माझे असतील, म्हणजे पहिला नियम मोडत नाही. साडेचारला ठेवायचा. काही धड केलं असेल तर ठेवण्याआधी तो एक शब्द बोलायचा. मला ती आज्ञा माहीत आहे.

फोन नाही उचललात तर दुसऱ्यांदा करीन. मग तिसऱ्यांदा. तिसराही वाया गेला तर चौदावा नियम. तुमच्याकडे यायला साडेतीन तास लागतात आणि माझी कंबर अजून दुखते, तेव्हा काय ते तुम्ही ठरवा. साडेचारची बस आहे, मी विचारून ठेवलंय.